अनोळखी शहरात अचानक रात्र काढायची वेळ आली तर: पहिल्या तासात काय करायचं?

पायवाट

इथले बॅकपॅकिंगचे बहुतेक धागे ठरवून केलेल्या मुक्कामांबद्दल आहेत. हा धागा न ठरलेल्या मुक्कामाचा. जोडविमान हुकलं, पुढची गाडी रद्द झाली, बस वाटेत बंद पडली आणि मध्यरात्री भलत्याच शहरात उतरवलं, असे प्रसंग. अनुभवकथनासाठी दुसरे धागे आहेत, इथे फक्त कामाचा तपशील जमवूया. सुरुवात मी करतो, चुकेल तिथे कान धरा.

कामाचा क्रम असा ठेवा: तिकीट, पासपोर्ट, सामान आणि सगळ्यात शेवटी झोपायची जागा. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी हॉटेल शोधून पैसे भरतात, मग कळतं की कंपनी स्वतःच खोली देत होती, किंवा व्हिसाअभावी विमानतळाबाहेर पडताच येत नाही. त्यामुळे ही चार उत्तरं हाती येईपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकू नका. आत वायफाय, पाणी, संडास, प्लग आणि माणसं असतात. एकदा बाहेर पडलं की बऱ्याच विमानतळांवर परत आत घेत नाहीत.

तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर शेवटच्या ठिकाणापर्यंत पोचवणं विमान कंपनीच्या गळ्यात. दोन वेगळी तिकिटं असतील तर पहिल्या कंपनीला तुमच्या दुसऱ्या विमानाशी देणंघेणं नाही, आणि दुसरी कंपनी तुम्हाला 'प्रवासी आलाच नाही' म्हणून नोंदवून मोकळी होते. तशी नोंद झाली की त्या तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे, परतीचा धरून, सहसा आपोआप रद्द होतात. म्हणून पोचणार नाही हे कळताक्षणी, विमान सुटायच्या आधी, कंपनीला कळवा. काउंटरच्या रांगेत उभं राहूनच ॲप उघडा आणि ग्राहकसेवेलाही फोन लावा. तिन्हीपैकी जे आधी लागेल ते आपलं.

कातळखडक

क्रम पटला. पण 'तिकीट, मग पासपोर्ट' हे दोन वेगळे टप्पे म्हणून करू नका, तिथेच घोडं पेंड खातं. काउंटरवरचा माणूस नवा मार्ग देतो तेव्हा त्या मार्गातल्या देशांचा ट्रान्झिट व्हिसा तुमच्याकडे आहे की नाही, हे तो दरवेळी बघेलच असं नाही. हो म्हणायच्या आधी तुम्हीच विचारा.

अमेरिकेत विमानतळाच्या आतल्या आत आंतरराष्ट्रीय विमान बदलायची सोय नाही. तिथे उतरणारा प्रत्येक जण इमिग्रेशनमधून जातो, त्यामुळे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा किंवा पात्र पासपोर्टला ईस्टा (ऑनलाइन पूर्वपरवानगी) लागतो. ब्रिटन आणि कॅनडातही अनेक पासपोर्टना ट्रान्झिटसाठी वेगळी परवानगी लागते.

शेंगेन देशांची (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांची) खोच जास्त फसवी आहे. नव्या मार्गात दोन शेंगेन विमानतळ असतील तर त्यांच्यामधलं उड्डाण देशांतर्गत धरलं जातं. म्हणजे पहिल्याच विमानतळावर तुम्ही शेंगेनमध्ये शिरता आणि पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. एकच शेंगेन थांबा असेल तर अनेकांचं काम आंतरराष्ट्रीय भागात बसूनच भागतं. तेव्हा 'दोन शेंगेन थांबे नकोत' हे आधीच सांगून ठेवा.

आणखी एक. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल आणि त्या देशातून बाहेर पडल्याचा शिक्का बसलेला असेल, तर मुक्कामासाठी परत आत जाता येईल असं धरून चालू नका. कंपनीचं हॉटेल-कूपन हातात असून उपयोग नसतो, इमिग्रेशनवाला सोडत नाही. अशा वेळी विमानतळाच्या आतलं हॉटेल किंवा विश्रांतिकक्ष मागा.

रात्रपाळी

@कातळखडक, व्हिसा त्याच रात्री संपत असेल तर? विमान रद्द झालं म्हणून मुक्काम वाढला, दोष आपला नाही, तरी शिक्का आपल्याच पासपोर्टवर बसणार.

कातळखडक

मुदत संपायच्या आत इमिग्रेशनला किंवा सीमा पोलिसांना गाठायचं, संपल्यावर नाही. शेंगेनच्या व्हिसा संहितेत कलम ३३ आहे: आपल्या हाताबाहेरच्या कारणाने निघता आलं नाही तर मुदतवाढ मिळते आणि तिला शुल्क नाही. पण पुरावा लागतो. विमान रद्द झाल्याचा आणि नवीन विमानाच्या तारखेचा कंपनीचा कागद किंवा ईमेल जवळ हवा. इतर देशांत नियम वेगळे असले तरी 'मुदतीच्या आत, कागदासकट' हे सगळीकडे लागू.

नकाशावेडी

खोली कोण देणार, याची माहिती देते.

युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणारं कुठलंही विमान, किंवा बाहेरून संघात येणारं पण संघातल्याच कंपनीचं विमान: या दोन्हींना नियम २६१/२००४ लागतो. उड्डाण रद्द झालं किंवा फार लांबलं तर खाणंपिणं, दोन फोन किंवा ईमेल, आणि पुढचं विमान दुसऱ्या दिवशी असेल तर हॉटेल व तिथवरचा नेण्याआणण्याचा खर्च कंपनीकडे. खाण्यापिण्याचा हक्क १५०० किमीपर्यंतच्या उड्डाणाला २ तासांच्या उशिरानंतर सुरू होतो, मधल्या अंतरांना ३ आणि लांबच्यांना ४ तासांनंतर.

इथे लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. २५०, ४०० किंवा ६०० युरोंची भरपाई ही वेगळी बाब. हवामान, संपूर्ण हवाई हद्द बंद अशा असाधारण कारणांत ती मिळत नाही. हॉटेल-जेवण मात्र तेव्हाही द्यावंच लागतं. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने विमानं अडकली होती, त्या प्रकरणातही युरोपीय न्यायालयाने हेच सांगितलं. 'हवामानामुळे आहे, आम्ही काही देत नाही' असं काउंटरवर ऐकलं तर नियमाचा क्रमांक शांतपणे सांगा. तरीही नाहीच म्हणाले तर वाजवी दराची खोली स्वतः घ्या आणि पावती जपा, खर्च नंतर मागता येतो. 'वाजवी' या शब्दावर वाद होतात, त्यामुळे पंचतारांकितात शिरू नका.

रेल्वेलाही संघात असाच नियम आहे (२०२१/७८२). ६० मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर अपेक्षित असेल तर पैसे परत किंवा दुसरा मार्ग यांतलं एक निवडता येतं, आणि रात्र काढावीच लागली तर मुक्कामाची सोय रेल्वे कंपनीने करायची. गाडीतल्या किंवा स्टेशनातल्या कर्मचाऱ्याकडून उशिराचा दाखला त्याच रात्री घ्या.

भटकाबोका

आणि सामान? सॅक विमानाच्या पोटात आणि आपण बाहेर, हा प्रकार कोणी लिहिला नाही.

पायवाट

बोर्डिंग पासला चिकटवलेल्या सामानाच्या चिठ्ठीवर १० आकडी क्रमांक असतो आणि विमानतळाची तीन अक्षरं असतात. शेवटच्या ठिकाणाची अक्षरं असतील तर सॅक पुढेच जाणार आहे. रात्रीपुरती काढून द्या म्हटलं तर कधी काढतात, कधी तीन तास बसवून ठेवतात. काउंटरवर तोच १० आकडी क्रमांक वाचून दाखवा आणि सॅक आत्ता कुठे आहे ते विचारा. नुसतं 'निळी सॅक' म्हणून काही होत नाही.

सॅक आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी पीआयआर नावाची तक्रारनोंद करून तिचा क्रमांक घ्या. माँट्रियल करार (१९९९) लागू असलेल्या प्रवासात सामान खराब झालं तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळालं तर हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. पीआयआर केली म्हणजे ती तक्रार झाली असं समजू नका. कंपनीला वेगळं पत्र किंवा ईमेल पाठवाच.

सॅक हातात असेल तर उलटा प्रश्न, ती ठेवायची कुठे. स्टेशनांतले छोटे लॉकर ४०-४५ लिटरच्या सॅकला कसेबसे पुरतात, ६० लिटरची बसत नाही. वरचं झाकण काढून वेगळं ठेवा, कमरेचा पट्टा आतल्या बाजूला गुंडाळा, चटई सोडवा आणि सॅक तिरपी सरकवा. तरीही नाही बसली तर सामानघर, पण ते रात्री बंद होतं. बंद व्हायची आणि उघडायची वेळ पाटीवर बघूनच सॅक द्या. पहाटे ५ ची गाडी आणि ७ ला उघडणारं सामानघर हा नेहमीचा घोळ. काही लॉकरचा हिशोब पहिलं नाणं पडल्यापासून २४ तास, तर काहींचा मध्यरात्रीपर्यंत असतो. लॉकर क्रमांकाचा आणि कोडच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा.

खडीसाखर

सॅक ठेवून निघताना अंगावर काय असावं, याबद्दल माझा आग्रह आहे: पासपोर्ट, दोन्ही कार्डं (वेगवेगळ्या जागी), दोन-तीन दिवसांची औषधं, चार्जर, एक उबदार थर. औषधं सॅकमध्ये आणि सॅक कुलूपबंद सामानघरात, ही चूक महागात पडते.

उत्तरवारा

फोनबद्दल. जीपीएसला नेट लागत नाही, एअरप्लेन मोडमध्येही चालतं. पण नेट नसताना पहिल्यांदा जागा पकडायला काही मिनिटं जातात, कारण फोन उपग्रहांची माहिती थेट उपग्रहांकडूनच हळूहळू उतरवून घेतो. छताखाली, उंच इमारतींच्या मधे ते होतच नाही. मोकळ्या आभाळाखाली फोन स्थिर धरून उभं राहा.

वायफाय आहे तोवर तीन गोष्टी उतरवून घ्या: शहराचा ऑफलाइन नकाशा, भाषांतराच्या ॲपमधली तिथली भाषा, आणि मुक्कामाच्या पत्त्याचा तिथल्या लिपीतला स्क्रीनशॉट. ई-सिम घ्यायचं तरी ते बसवायला आधी नेट लागतं, म्हणजे तेही इथेच. मूळ सिम काढून टाकू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येणार.

वायफायला जोडलं पण लॉगिनचं पान उघडत नाही? व्हीपीएन आणि फोनमधलं प्रायव्हेट डीएनएस बंद करा, पुन्हा जोडा. बऱ्याचदा अडथळा तोच असतो.

भटकाबोका

पॉवर बँक २०,००० एमएएचची असेल तर फोन चार वेळा भरतो ना? मग एवढी काळजी कशाला.

उत्तरवारा

चार नाही, अडीच. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आहे. बाहेर ५ व्होल्ट देताना आणि उष्णतेत घट होते, हातात साधारण ६० ते ६५ टक्के येतं. २०,००० मधले १२-१३ हजार धरा, फोनची बॅटरी ५,००० ची असेल तर अडीच वेळा.

त्याच आकड्याला ३.७ ने गुणून १००० ने भागलं की वॉट-तास मिळतात: २०,००० म्हणजे ७४. विमानात परवानगीशिवाय १०० पर्यंत चालतात, म्हणजे साधारण २७,००० एमएएच. आणि ती फक्त हातातल्या सामानात. बोर्डिंगच्या दारात 'जागा नाही, सॅक खाली द्या' म्हणाले की सगळ्यात आधी पॉवर बँक बाहेर काढा.

रात्रपाळी

आता झोपायची जागा. इथे एक सापळा आहे, तो कुठेच लिहिलेला सापडत नाही.

रात्री बारानंतर बुकिंगच्या साइटवर 'आज' निवडलं की ती आजची तारीख असते, म्हणजे येणारी रात्र. चेक-इन दुपारी २ ला. १५ तारखेच्या पहाटे १ वाजता तुम्हाला जी खाट हवी आहे, ती हॉटेलच्या हिशोबात १४ तारखेची रात्र आहे. काही साइट मध्यरात्रीनंतरही आदल्या तारखेचं बुकिंग घेतात, बहुतेक घेत नाहीत. १५ चं बुकिंग करून पैसे भरून दारात गेलात तर रिसेप्शनवर नम्रपणे सांगतात की दुपारी या. पैसेही सहसा परत नाहीत. बारा वाजून गेले असतील तर थेट फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: आत्ता, या क्षणी खाट रिकामी आहे का, रिसेप्शनवर रात्रभर माणूस असतो का, आणि आत्ता आलो तर सकाळी किती वाजता सोडावं लागेल.

दुसरा प्रश्न हॉस्टेलसाठी फार महत्त्वाचा. अनेक छोट्या हॉस्टेलांचं रिसेप्शन १०-११ ला बंद होतं, त्यानंतर दाराचा कोड लागतो. कोड ईमेलने येतो, आणि ईमेल बघायला नेट. म्हणजे तोही स्टेशनच्या वायफायवरच मिळवून ठेवायचा.

तारखेचा हाच घोळ गाडीच्या तिकिटातही होतो. '१५ ला रात्री ००:१० ची गाडी' म्हणजे १४ ची रात्र. १५ ला रात्री जेवून स्टेशनवर गेलात तर गाडी जाऊन जवळजवळ २४ तास झालेले असतात.

नकाशावेडी

@रात्रपाळी, हे पहिल्या पोस्टमध्ये हलवायला हवं.

वाटसरू_७

पहाटे १ वाजता पोचून ६ ला निघायचं असेल तर खोलीच्या भानगडीत पडूच नये या मताचा मी आहे. जाणं, चेक-इन, अंघोळ, परत येणं यात अडीच तास जातात. उरलेल्या अडीच तासांच्या झोपेसाठी पूर्ण रात्रीचे पैसे. स्टेशनवर पडावं सरळ.

रात्रपाळी

स्टेशन उघडं असेल तर. कित्येक स्टेशनं शेवटच्या गाडीनंतर बंद करतात आणि सगळ्यांना बाहेर काढतात, मग रात्री दीडला रस्त्यावर. छोटे विमानतळही शेवटच्या उड्डाणानंतर कुलूप लावतात. रखवालदाराला आधी विचारा, त्याचं उत्तर कुठल्याही साइटपेक्षा खरं.

आत झोपायचं ठरलं तर रात्रभर माणूस असलेल्या खिडकीसमोरची, कॅमेऱ्याखालची जागा. कोपरा शांत वाटतो म्हणून तिकडे जाऊ नका. फरशी अंगातली ऊब खेचते. पांघरूण वरून कितीही घेतलं तरी खाली चटई नसेल तर थंडी जात नाही, म्हणून चटई सॅकच्या बाहेरच्या बाजूला बांधलेली बरी. सॅकचा एक पट्टा पायात अडकवा, पासपोर्ट सॅकमध्ये नाही तर कपड्यांच्या आतल्या खिशात. कानात बोळे घालणार असाल तर गजर थरथरणारा ठेवून फोन अंगाशी. आणि फोन चार्जिंगला लावून त्याच्यापासून लांब झोपू नका, हे सांगावं लागतं.

खडीसाखर

एकट्या बाईसाठी मी वाटसरू_७ यांचं गणित मान्य करणार नाही. दोन तासांची का होईना, आतून कडी लागणारी खोली घ्यावी. तळमजल्याची खोली नको म्हणावं, चेक-इनच्या वेळी खोलीचा क्रमांक मोठ्याने बोलला तर दुसरी मागावी. स्टेशनबाहेर अंगावर येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' करणाऱ्यांबरोबर जाऊ नये, हॉटेललाच गाडी पाठवायला सांगावी आणि गाडीचा नंबर बसण्याआधी घरच्यांना पाठवावा.

हॉस्टेलची खाट मिळाली की सॅक लगेच गादीवर टाकू नका. ती न्हाणीघरात फरशीवर ठेवून आधी फोनच्या टॉर्चने गादीची शिवण, खाटेच्या फटी आणि उशाकडची फळी बघा. शाईच्या टिपक्यांसारखे काळे डाग म्हणजे ढेकूण. खोली बदला, आणि शेजारचीच देत असतील तर नको म्हणा.

नकाशावेडी

पैशांचं थोडक्यात. एटीएम किंवा कार्डचं मशीन विचारतं, 'तुमच्या चलनात रक्कम हवी का?' दरवेळी नाही म्हणा आणि तिथलंच चलन निवडा. हो म्हटलं की दर मशीनवाला ठरवतो, आणि तो तुमच्या सोयीचा नसतो. एका रात्रीची खाट, दोन वेळचं खाणं आणि जाण्यायेण्याचं भाडं एवढंच काढा. उरलेली नाणी चलन बदलणारे घेत नाहीत, तेव्हा नाणी आधी संपवा.

भटकाबोका

आणि १०-१२ तास मिळाले तर शहर बघायचं की नाही? धाग्यात सगळे घाबरवतच आहेत.

पायवाट

बघा की. फक्त १० तास म्हणजे १० तास नव्हेत. उतरून इमिग्रेशन आणि सामान ठेवण्यात दीड तास, शहरात जायला एक, यायला एक, आंतरराष्ट्रीय विमानाच्या ३ तास आधी परत. साडेतीन तास उरले. एवढ्यात एका भागात चालता येतं, तीन ठिकाणं होत नाहीत. ६ तासांपेक्षा कमी असेल तर आतच झोपा काढा.

कातळखडक

तासांवरून आठवलं, पीतज्वराचा (यलो फीव्हर) विषय राहिला. तो आजार असलेल्या देशाच्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबलात तर पुढचे बरेच देश लसीचं प्रमाणपत्र मागतात. ठरलेला थांबा ४ तासांचा होता म्हणून लस घेतली नाही, विमान हुकलं, थांबा १६ तासांचा झाला, आणि पुढच्या देशाच्या दारात अडकलात. इथिओपिया, केनिया त्या यादीत आहेत, आणि तिथून जोडविमानं पुष्कळ. काही देश १२ तासांची सूटही मानत नाहीत. आयत्या वेळी लस टोचून भागत नाही, प्रमाणपत्र लसीनंतर १० दिवसांनी लागू होतं. नवं विमान घेताना १२ तासांच्या आतलं मागा, आणि थांबा किती तासांचा होता हे दाखवायला दोन्ही बोर्डिंग पास जपा.

वाटसरू_७

बस बंद पडली किंवा गाडी रद्द झाली म्हणून ऐनवेळी विमान पकडायचं ठरलं तर सॅकमधल्या स्टोव्हचं काय? गॅसचा डबा रिकामा करून चेक-इनच्या सामानात चालतो का?

उत्तरवारा

नाही. गॅसचा डबा भरलेला, अर्धा, रिकामा, कसाही चालत नाही, हातातही नाही आणि खालीही नाही. तो मागेच सोडायचा. विमानतळाच्या कचऱ्यात टाकू नका, हॉस्टेलमध्ये किंवा गिर्यारोहणाच्या दुकानात विचारा, कोणीतरी घेतंच. नुसता बर्नर नेता येतो, पण त्याला इंधनाचा वास असेल तर अडवतात. द्रव इंधनाच्या स्टोव्हची बाटली धुऊन, उघडी वाळवूनसुद्धा काही कंपन्या नाकारतात, आधी विचारा. चाकू, तंबूच्या खुंट्या आणि चालायच्या काठ्या चेक-इनच्या सामानात. लायटर जिथे चालतो तिथेही एकच, आणि तो खिशात. सॅकमध्ये राहिला तर स्कॅनरवर सॅक बाजूला काढतात आणि ती उघडायला तुम्हाला बोलावतात, म्हणजे घाईच्या वेळी अर्धा तास गेला. सॅकचे पट्टे लोंबत ठेवू नका, सामानाच्या सरकत्या बेल्टच्या सांध्यात अडकून फाटतात. पावसाळी कव्हर उलटं घालून पाठीच्या बाजूने बांधा.